मोहोर

रबाळे एमआयडीसी, गाळा क्रमांक चौऱ्याऐंशी.
पुस्तकबांधणीचं नवं यंत्र वनचौहून आलं,
त्याच्या मागोमाग मिस्त्री शिए,
आणि शेठ आणि शिए यांच्या मधे मी,
तासाला सहाशे रुपये, चहा शेठकडून.

पहिले दोन दिवस माझ्या तोंडी फक्त
सरस, पट्टा, तापमान, इथे बोट घालू नका.
खुटवळ शेठ माझ्याकडे बघत शिएशी बोलायचे,
शिए यंत्राकडे बघत माझ्याशी.

तिसऱ्या दिवशी चाचणीला फर्मे हवे होते.
शेठ म्हणाले, आतल्या खोलीतले घ्या रे,
ते बिलावरचं काम नाही.
पोरांनी थप्पी आणून टेकवली.
वरच्या पानावर:
बीजगणिताची पायवाट, नववी-दहावी.
लेखक, प्रकाशक व विक्रेते
ग. मो. धामणस्कर, उथळसर, ठाणे.

सर पुस्तक घरूनच विकत.
कॉटखाली गठ्ठे, दारात आमच्या चपला,
आणि प्रत्येक प्रतीच्या शेवटच्या पानावर
ते स्वतःच्या हाताने जांभळा शिक्का मारायचे,
ओठ मुडपून, सगळा भार मनगटावर देऊन.
खाली छापलेलं: ही मोहोर नसलेली प्रत
चोरीची समजावी.
शाई वाळायच्या आत पुस्तक मिटलं
की समोरच्या पानावर ती उलट उमटायची.
सर म्हणायचे, घे, एकावर एक फुकट.

यंत्राने पहिली प्रत सोडली.
शिएने कणा दाबला, पानं ओढून पाहिली,
शेवटच्या पानाशी थांबला.
हे गोल काय आहे?
मी ते वाक्य त्याच्या भाषेत ठेवलं
आणि तो एकदम हसला.
फान यिन बी ज्यो, तो म्हणाला, चार अक्षरं.
पुन्हा छापाल तर सोडणार नाही.
माझ्या शाळेतल्या सगळ्या पुस्तकांत असायची,
चोरून छापलेल्यांतसुद्धा.
तेही इमानेइतबारे छापायचे.

मग सरस तापेपर्यंत तो बोलत राहिला.
मेइशानला छंग नावाचं एक घर होतं,
आठशे वर्षांपूर्वी त्यांनी पुस्तकात कोरून ठेवलं,
वर कळवलेलं आहे, दुसऱ्या कुणी फळी कोरू नये.
आमच्याकडे या हक्काला म्हणतातच फळीचा हक्क.
ज्याच्या घरी लाकूड, त्याचं पुस्तक.
आणि लिहिणारा?
तो बहुतेक वेळा कधीच मेलेला असायचा.

माझ्या आजोबांकडे कुळाच्या वंशावळीच्या फळ्या होत्या.
मग अशी वर्षं आली
की पूर्वज घरात ठेवणं धोक्याचं झालं.
आजोबांनी बदकांच्या खुराड्याला त्यांचं दार केलं,
अक्षरं आतल्या बाजूला.
मी वाचायला शिकलो तो बदकांत बसून.
शाळेत गेलो तेव्हा
सुलट अक्षरं मला चुकीची वाटायची.

काय म्हणतोय? शेठनी विचारलं.
बदकांबद्दल, मी म्हटलं.
बांधणी कशीय ते विचार की.
बांधणी उत्तम आहे, पान निखळणार नाही.

गेल्या दिवाळीत सरांकडे गेले होते.
गठ्ठे अजून कॉटखालीच, वर जुनी चादर.
आता कुणी येत नाही ग, म्हणाले,
अभ्यासक्रम बदलला असेल.
शिक्क्याची गादी दगडासारखी झालेली,
तरी रोज झाकण काढून बघतात.

आकड्याच्या खिडकीत चारशे बारा, चारशे तेरा.
मी एक प्रत उचलली,
बोट जिभेला लावून मोहोरेवर घासलं.
काळीच होती, यंत्राची.
बोटाला काही लागलं नाही.
समोरचं पान कोरं.

ओळखीचे आहेत का? शिएने विचारलं,
या वेळी माझ्याकडे बघून.
मी म्हटलं, अभ्यासक्रम बदलला असेल.

तो जरा वेळ गप्प राहिला.
मग म्हणाला, सरस फार तापतोय,
तापमान दोन अंशांनी उतरवायला सांग.
तेवढं मी शेठना
अगदी शब्दशः सांगितलं.